इक्विटी फंडात ‘ट्रेंड’ बघून पैसे हलवायचे आहेत? बडोद्यातल्या नवख्यांसाठी पायऱ्या

निवृत्तीची रक्कम हातात आली, मुदत ठेव संपली किंवा दांडिया बाजारातला जुना वाडा विकून वाटणी झाली, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: “मार्केट फार वर आहे, थांबू का जरा?” आणि मार्केट पडलं की दुसरा: “अजून पडेल, काढून घेऊ का?” या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतेक घरांत शेजारी, जावई किंवा मोबाइलवरचा एखादा ग्रुप देतो. त्यापेक्षा लिहून ठेवलेला एक साधा नियम बरा: बाजाराचा कल (ट्रेंड) महिन्यातून एकदा बघायचा, वरचा असेल तर इक्विटी फंडात (शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात) आत, खालचा असेल तर बाहेर. म्हणून हा लेख.

मी फंडांची वितरक नाही, नोंदणीकृत सल्लागारही नाही. स्वतःच्या पैशाच्या एका हिश्श्यावर हा नियम चालवते आणि ओळखीच्या घरांत बसून वही कशी मांडायची ते दाखवते. रोजची खरेदी-विक्री, फ्युचर्स-ऑप्शन्स (पुढच्या भावावर लावलेले सौदे) यांचा इथे काही संबंध नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तिकडे जायचं असेल तर हा लेख इथेच मिटवा.

१. आधी पैसा वेगळा काढा

म्युच्युअल फंडातला सगळा पैसा या नियमाखाली आणायचा नाही. मी तीन कप्पे करायला सांगते.

पहिला कप्पा, पुढच्या तीन वर्षांत लागणारा पैसा: लग्न, फी, ऑपरेशन, घराची डागडुजी. हा इक्विटीत नकोच.

दुसरा, चालू एसआयपी (फंडात दर महिन्याला जाणारा हप्ता) आणि पंधरा-वीस वर्षांसाठीची गुंतवणूक. तिला हात लावू नका. मंदीत स्वस्तात युनिट (फंडातले हिस्से) मिळणं हाच एसआयपीचा फायदा आहे, आणि कलाचा नियम नेमका तेव्हाच “बाहेर थांब” म्हणतो. दोन्ही एकत्र केलेत तर दोन्हींचा फायदा जातो.

तिसरा कप्पा आपला. एकूण इक्विटीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. समजा फंडांत वीस लाख आहेत, तर पाच लाख. ईएलएसएसची (कर वाचवणाऱ्या इक्विटी फंडांची) युनिट यात धरू नका, त्यांना तीन वर्षांचं कुलूप असतं.

२. कागदपत्रं आणि साधनं

- पॅन, आधार आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर
- केवायसीची सध्याची स्थिती. केआरएच्या (केवायसीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर पॅन टाकून दिसते. ‘व्हॅलिडेटेड’ असेल तर उत्तम. ‘रजिस्टर्ड’ असेल तर आहे त्या फंड कंपनीत व्यवहार चालतात, नव्या कंपनीत पुन्हा केवायसी लागतं. ‘ऑन होल्ड’ असेल तर आधी ते सोडवा.
- रद्द केलेला चेक, नॉमिनीचा तपशील
- सर्व फोलिओंचं, म्हणजे फंडांतल्या खात्यांचं, एकत्रित स्टेटमेंट (फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स, केफिनटेककडून किंवा एमएफ सेंट्रलवरून ईमेलवर मिळतं)
- एक वही किंवा मोबाइलमधली स्प्रेडशीट

बडोद्यातल्या जुन्या फोलिओंत दोन गोष्टी हमखास अडतात. एक, पत्ता. घर मांजलपूर नाही तर वासणा रोडला, पण फोलिओवर अजून बाबाजीपुरा. दुसरी जास्त त्रासाची: बँक. देना आणि विजया या बँका १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि १ मार्च २०२१ पासून त्यांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. फोलिओत अजून तोच कोड असेल तर ऐन वेळी काढलेले पैसे खात्यात यायला अडचण होईल. पैसे हलवायची वेळ यायच्या आतच हे बदलून घ्या.

३. निर्देशक एकच निवडा

मोबाइलवर कुठलाही चार्ट उघडला की निर्देशकांची (इंडिकेटरची, म्हणजे कल मोजायच्या सूत्रांची) यादी संपत नाही. नवख्या माणसाला त्यातला एक पुरतो: मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, म्हणजे सरकती सरासरी. गेल्या दहा महिनाअखेरच्या बंद भावांची बेरीज करून दहाने भागायचं. दर महिन्याला नवा आकडा आत येतो, सर्वात जुना बाहेर जातो.

आजचा आकडा सरासरीच्या वर असेल तर कल वरचा, खाली असेल तर कल खालचा. बातम्यांत ‘२०० दिवसांची सरासरी’ म्हणतात ती हिचीच बहीण. महिन्यात साधारण वीस-एकवीस दिवस बाजार चालतो, म्हणजे दोनशे दिवस जवळपास दहा महिनेच होतात. फरक इतकाच की दिवसांची सरासरी रोज बघावीशी वाटते, महिन्यांची महिन्यातून एकदाच बघता येते. मला दुसरी पसंत आहे ती याच कारणाने.

बाकीचे निर्देशक थोडक्यात. ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीला वर छेदते त्याला ‘गोल्डन क्रॉस’ म्हणतात आणि खाली छेदते त्याला ‘डेथ क्रॉस’. नावं नाटकी आहेत, इशारा उशिरा येतो. एमएसीडी हा निर्देशकसुद्धा सरासऱ्यांच्याच फरकावर उभा आहे, त्यामुळे तो जोडून नवी माहिती फारशी मिळत नाही. आरएसआय (भाव अलीकडे किती जोराने चढला ते ० ते १०० मध्ये सांगणारा आकडा) ७० च्या वर गेला की “आता विका” असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पण जोरदार तेजीत आरएसआय महिनोन्‌महिने वरच राहू शकतो. कलाच्या नियमात त्याला जागा नाही.

४. कशाची सरासरी काढायची?

तुमचा फंड निफ्टी ५० चा (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा) इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड असेल तर निफ्टी ५० ची. मिडकॅपचा (मध्यम कंपन्यांचा) असेल तर त्याच्या मिडकॅप निर्देशांकाची. निफ्टीचा इशारा बघून स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांचा) फंड विकायचा, हे माझ्या मते चुकीचं आहे. दोन्हींची चाल एकसारखी नसते.

नवख्यांनी तिसऱ्या कप्प्यासाठी साधा इंडेक्स फंड घ्यावा. त्याला एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्यास होणारी कपात) बहुधा नसतो किंवा अगदी थोड्या दिवसांपुरता असतो. अ‍ॅक्टिव्ह इक्विटी फंडांत (जिथे व्यवस्थापक शेअर निवडतो) एक वर्षाच्या आत काढल्यास बऱ्याचदा एक टक्का कापला जातो. योजनेच्या माहितीपत्रकात लोडची ओळ स्वतः वाचा.

निर्देशांकाऐवजी फंडाच्या एनएव्हीची (एका युनिटच्या भावाची) सरासरी काढली तरी चालते, पण नफा फंडातच ठेवणाऱ्या ‘ग्रोथ’ पर्यायाचीच घ्या. ‘आयडीसीडब्ल्यू’ पर्यायात पैसे वाटले गेले की एनएव्ही तेवढी खाली येते आणि वहीत खोटा मंदीचा इशारा दिसतो. हा सापळा पटकन लक्षात येत नाही.

५. वही मांडून बघा

खरे आकडे घेऊ. निफ्टी ५० चे महिनाअखेरचे बंद भाव, पूर्णांकात:

ऑक्टोबर २०१९: ११,८७७
नोव्हेंबर: १२,०५६
डिसेंबर: १२,१६८
जानेवारी २०२०: ११,९६२
फेब्रुवारी: ११,२०२
मार्च: ८,५९८
एप्रिल: ९,८६०
मे: ९,५८०
जून: १०,३०२
जुलै: ११,०७३

बेरीज १,०८,६७८. दहाने भागले, १०,८६८. जुलैअखेरचा आकडा ११,०७३, सरासरीच्या वर. म्हणजे ३१ जुलै २०२० ला वहीने “आत या” म्हटलं.

“बाहेर जा” कधी म्हटलं होतं? मे २०१९ ते फेब्रुवारी २०२० या दहा महिन्यांची सरासरी ११,६५९ येते आणि फेब्रुवारीअखेर निफ्टी ११,२०२ वर होता. म्हणजे २८ फेब्रुवारीला, टाळेबंदीच्या आधी, मोठी पडझड व्हायच्या आधी. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला तेव्हा नियम पाळणारा बाहेर होता.

इतकं वाचून लोक खूश होतात. आता हिशोब बघा: बाहेर ११,२०२ ला, परत आत ११,०७३ ला. सगळी पडझड चुकवून हातात आलेला फरक सव्वा टक्क्याच्या आत. बाहेर काढलेला पैसा लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) होता असं धरून त्याचं पाच महिन्यांचं व्याज त्यात मिळवा, विक्रीवरचा कर वजा करा. मार्च महिना शांत गेला हे खरं. पैसा वाढला असं मात्र म्हणता येत नाही.

६. नियम कधी कमावतो, कधी गमावतो

हीच वही २००८ ला लावा. निफ्टीने जानेवारी २००८ मध्ये ६,३०० च्या आसपास शिखर गाठलं. दहा महिन्यांच्या नियमाने शिखरावर काहीच सांगितलं नाही. जानेवारीतल्या घसरणीनंतरही नाही, फेब्रुवारीतही नाही. मार्चअखेर ४,७३४ ला “बाहेर” आलं, शिखरापासून जवळजवळ पंचवीस टक्के खाली. पण त्यानंतर ऑक्टोबरअखेर निफ्टी २,८८६ वर होता, आणि “आत” हा इशारा आला एप्रिल २००९ च्या शेवटी, ३,४७४ ला. विकलं त्यापेक्षा साधारण २७ टक्के स्वस्तात परत खरेदी. शिवाय १८ मे २००९ ला, निवडणुकीच्या निकालानंतर, निफ्टी एकाच दिवसात सतरा टक्क्यांहून जास्त उसळला तेव्हा नियमवाला आत होता.

आणि आता अलीकडचं. डिसेंबर २०२४ अखेर निफ्टी २३,६४५, सरासरी २३,९४५. बाहेर. एप्रिल २०२५ अखेर निफ्टी २४,३३४, सरासरी २४,१४७. आत. म्हणजे विकलं त्यापेक्षा जवळपास तीन टक्के महाग परत घेतलं, वर कर. याला फसवा इशारा म्हणतात आणि बाजार आडवा चालला की ते एकामागून एक येतात.

हे तीन प्रसंग शेजारी ठेवले की नियमाचा स्वभाव कळतो. लांबलेल्या मंदीत तो पैसे वाचवतो. झटपट पडून झटपट उठणाऱ्या बाजारात त्याच्याकडून फारशी अपेक्षा नको, आणि आडव्या बाजारात तो थोडे थोडे पैसे खातो. गाडीचा विमा जसा अपघात न झालेल्या वर्षी फुकट गेल्यासारखा वाटतो, तसंच. पुढची मंदी कुठल्या जातीची असेल ते वही सांगत नाही.

इथे कुणीतरी हुशार माणूस सुचवतोच: “सरासरीपेक्षा दोन टक्के वर किंवा खाली गेल्याशिवाय हलायचं नाही, म्हणजे फसवे इशारे गळतील.” कल्पना चांगली वाटते. आकड्यांवर लावून बघा. २०२०: बाहेर त्याच ११,२०२ ला, पण जुलैचा इशारा दोन टक्क्यांच्या किंचित आत म्हणून नाकारला आणि ऑगस्टअखेर ११,३८८ ला आत. २०२५: जानेवारीअखेर २३,५०८ ला बाहेर, मेअखेर २४,७५१ ला आत, पाच टक्क्यांहून जास्त महाग. या दोन्ही वेळा हा दोन टक्क्यांचा पट्टा लावून निकाल बिघडलाच. सरासरीला चिकटून महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या बाजारात पट्ट्याने फेऱ्या कमी होतील, हेही खरं. म्हणून पट्टा लावा किंवा लावू नका, पण एकदा ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दर इशाऱ्यानंतर नियम बदलला तर तो नियम राहत नाही. दहाऐवजी नऊ महिने घेतले असते तर, अकरा घेतले असते तर, हा खेळ रात्रभर चालतो आणि मागच्या आकड्यांवर कुठला ना कुठला आकडा सुंदर दिसतोच.

७. कर: बहुतेकांचं गणित इथे चुकतं

इक्विटी फंडाची युनिट बारा महिन्यांच्या आत विकली तर नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकली तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पासूनचे हे दर आहेत. त्याआधी ते १५ आणि १० होते. वर ४ टक्के उपकर.

समजा पाच लाखांचे सहा लाख झाले आणि वर्षाच्या आत “बाहेर”चा इशारा आला. लाखाच्या नफ्यावर कर २०,८००. हातात उरले ५,७९,२००. तीच युनिट तेवढीच परत मिळवायची तर बाजार साडेतीन टक्के खाली यायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी. एक टक्का एक्झिट लोड असेल तर सव्वाचार टक्के. अर्थात नवी खरेदी चढ्या किमतीला नोंदली जाते, त्यामुळे पुढचा कर थोडा कमी लागतो. पण आत्ता गेलेला पैसा आत्ता गेला.

अजून तीन गोष्टी:

- ‘स्विच’ म्हणजे विक्रीच. एकाच फंड कंपनीत इक्विटीतून लिक्विडमध्ये गेलात, बँकेत रुपयाही आला नाही, तरी कर लागतो.
- एका फोलिओत आधी घेतलेली युनिट आधी विकली गेली असं धरतात. एसआयपीचा प्रत्येक हप्ता आपापले बारा महिने मोजतो. म्हणून तिसऱ्या कप्प्यासाठी वेगळा फोलिओ उघडा, नाहीतर जुनी, जपून ठेवलेली युनिट आधी जातील.
- १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या लिक्विड फंडाचा नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या स्लॅबने कर लागतो.

८. माझी शिफारस: नियम नव्या पैशाला लावा

कराचं हे गणित मांडल्यावर माझं मत स्पष्ट झालं. नवख्याने हा नियम विकण्यासाठी वापरू नये, आत शिरण्यासाठी वापरावा.

म्हणजे असं: ठेव संपून पाच लाख आले. महिनाअखेर वही उघडा. निर्देशांक सरासरीच्या वर असेल तर इंडेक्स फंडात टाका. एकरकमी टाकायला भीती वाटत असेल तर तीन महिन्यांत तीन हप्ते. खाली असेल तर लिक्विड फंडात ठेवा आणि पुढच्या महिनाअखेरीची वाट बघा. आत गेलेला पैसा मग इशाऱ्यावर हलवायचा नाही. यात इक्विटीची विक्री नाही, म्हणून त्यावरचा कर नाही. २००८ च्या मध्यावर पैसे आलेला माणूस या पद्धतीने एप्रिल २००९ पर्यंत बाहेर थांबला असता. २०२५ च्या सुरुवातीला आलेला थोडा महाग आत गेला असता. हा सौदा मला परवडतो.

आत-बाहेर करायचीच हौस असेल तर तिसऱ्या कप्प्यातल्या अर्ध्यावर करा. आणि हे सगळं नकोच असेल तर बॅलन्स्ड अ‍ॅडव्हांटेज प्रकारचे फंड इक्विटीचं प्रमाण स्वतःच कमीजास्त करतात. प्रत्येकाची पद्धत वेगळी, कुणी मूल्यांकन बघतं, कुणी कलही बघतं. पण फंडाच्या आत झालेल्या खरेदी-विक्रीचा कर तुम्हाला भरावा लागत नाही. माझ्या सासूबाईंच्या वयाच्या कुणी विचारलं तर मी वही काढतच नाही, हेच सांगते.

९. ऑर्डरचा दिवस

महिन्याचा शेवटचा व्यवहाराचा दिवस संपल्यावर आकडा लिहा, ऑर्डर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी टाका. वहीतला भाव तुम्हाला मिळणार नाही; दुसऱ्या दिवसाची एनएव्ही मिळेल. तेवढा फरक धरून चाला.

वेळ दुपारी तीनची. इक्विटी फंडात खरेदी करताना नुसता अर्ज नव्हे, पैसेही तीनच्या आत फंडाकडे पोचायला हवेत, तरच त्या दिवसाची एनएव्ही मिळते. चेक दिलात तर दिवस सरकतो. नेट बँकिंग किंवा यूपीआय बरं. लिक्विड फंडातून सात दिवसांच्या आत पैसे काढले तर बारीकसा एक्झिट लोड लागतो, तेही लक्षात असू द्या. आपली सुट्टी आणि बाजाराची सुट्टी एक नसते: उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर असतं, मुंबईचा बाजार सहसा चालूच असतो.

महिन्याच्या मध्ये वही उघडायची नाही. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के पडला. त्या दुपारी किती फोन फिरले असतील याची कल्पना करा. मेअखेर निफ्टी २२,५३१ होता, जूनअखेर २४,०११. महिनाअखेरच बघणाऱ्याला तो दिवस वहीत दिसतसुद्धा नाही.

आणि “आमचा इशारा आधी येतो” म्हणणारे टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप. सल्ला विकणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे पाठवायला सांगितले तर तिथेच बोलणं थांबवा.

१०. नोंदी आणि रिटर्न

प्रत्येक व्यवहाराची एक ओळ: तारीख, इशारा, सरासरी, त्या दिवसाचा आकडा, मिळालेली एनएव्ही, युनिट. एप्रिल-मेमध्ये कॅम्स आणि केफिनटेककडून कॅपिटल गेन स्टेटमेंट मागवा आणि वहीशी ताडून बघा.

अल्पकालीन भांडवली नफा असेल तर आयटीआर-१ चालत नाही. धंदा नसलेल्या पगारदार किंवा पेन्शनरला आयटीआर-२ भरावा लागतो. तोटा झाला असेल तरी दाखवा. अल्पकालीन तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन दोन्ही नफ्यांतून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीच्या आत भरलं असेल तरच. फसव्या इशाऱ्यांतून झालेला तोटा इथे उपयोगी पडतो, म्हणून सीएकडे जाताना स्टेटमेंटसोबत वहीही घेऊन जा.